बंबसाहेबांचं बीपी

सकाळचा चहा झाला की पडदेकाकूंच्या घरी बीपी मोजण्याचा कार्यक्रम असे, आणि तो एखाद्या मोठ्या ऑपरेशनच्या थाटात चाले. आधी पंखा बंद. मग रेडिओ बंद. मग दाराच्या बेलचं बटण खाली. फ्रिजची घरघर तेवढी बंद करता येत नाही, याचं काकूंना मनापासून वाईट वाटे. बंबसाहेबांनी खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, डावा हात टेबलावर उताणा ठेवायचा आणि अवाक्षर काढायचं नाही. काकू त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत, बटण दाबत आणि समोरच्या स्टुलावर बसून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.

हे बघणं साधंसुधं नव्हतं. दूध उतू जायच्या बेतात आलं की आपण पातेल्याकडे बघतो ना, तसं ते बघणं. श्वास रोखलेला, डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. समोर असा चेहरा बघून दगडाच्या पुतळ्याचंही काळीज धडधडलं असतं. बंबसाहेब तर हाडामांसाचे. पट्टा फुगे, सुस्कारा टाकून रिकामा होई आणि आकडा येई. आकडा थोडा वरच असे.

"बघा! मी म्हणतच होते," काकू म्हणत.

आकडा खाली असता तरी त्या हेच म्हणाल्या असत्या, पण तशी वेळच कधी आली नव्हती.

बंबसाहेबांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली. शिपायापासून सुरुवात करून ते अधिकारी होऊन निवृत्त झाले, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं. जळत्या गोदामांत हा माणूस शिरला होता. धुरानं भरलेल्या जिन्यांवरून त्यानं म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं. आणि घरी येऊन, हातपाय धुऊन, ताटावर बसून शांतपणे म्हणाला होता, "भाजीत मीठ कमी आहे." एवढाच काय तो त्या दिवसाचा अहवाल. निवृत्तीच्या वेळी तपासणी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "किंचित वरच्या बाजूला आहे. एक साधी गोळी देतो. आणि हो, जरा जपा."

"जरा जपा" हे डॉक्टरांचं नुसतं तोंडात बसलेलं वाक्य होतं. पेशंट दाराबाहेर पडेपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलत. काकूंनी मात्र ते पदरात घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून जपायला लागल्या.

आता जपणं म्हणजे काय, तर बंबसाहेबांच्या कानावर काहीही वाईट पडू द्यायचं नाही. बातमी नाही, भांडण नाही, बिघाड नाही. काकू पडदे शिवायच्या. आसपासच्या निम्म्या घरांच्या खिडक्या त्यांच्या हातच्या कापडानं झाकलेल्या होत्या. तीच कला त्यांनी घरात लावली. सकाळचं वर्तमानपत्र आधी त्यांच्या हातात यायचं. अपघात, खून, दंगल, महागाई, असं काहीही दिसलं की त्या कात्रीनं तेवढा भाग चौकोनी कापून घ्यायच्या आणि "मापाला कागद लागतो हो मला," असं सांगायच्या. बंबसाहेबांच्या हाती पडे तेव्हा वर्तमानपत्राला इतक्या खिडक्या पडलेल्या असत की पान उघडलं की पलीकडची भिंत दिसे. ते बिचारे उरलेलं हवामान वाचत. एकदा तर वादळ येणार म्हणून हवामानही कापलं गेलं.

टीव्हीवर फक्त प्राण्यांचे कार्यक्रम. त्यातसुद्धा वाघ हरणाच्या मागे लागला की काकू चॅनल बदलत. शेजारीपाजारी आले तर दारातच त्यांना ताकीद मिळे, "आजाराचं बोलू नका. कुणी गेल्याचं तर अजिबात बोलू नका." त्यामुळे लोक आत येऊन बसत, "बाकी काय, सगळं छान," म्हणत आणि चहा पिऊन पळून जात. हळूहळू ते यायचेच बंद झाले. एक माणूस घरात शांत राहावा म्हणून काकूंनी घर इतकं शांत केलं की त्यात राहणाऱ्याला आपण जिवंत आहोत की नाही, हे बीपी मोजूनच कळावं.

वाद घालायची तर सोयच नव्हती. बंबसाहेबांनी आवाज जरा चढवला की काकू लगेच, "अहो, बीपी!" की संपलं. स्वतःच्या घरात स्वतःची बाजू मांडायची नाही, अशी शिक्षा त्या भल्या माणसाला स्वतःच्याच रक्तानं ठोठावली होती.

एकदा तर कहर झाला. ओट्यावरचं फडकं शेगडीला लागलं आणि भुर्रकन पेटलं. शेजारच्या खोलीत, चार पावलांवर, सगळा जन्म आगी विझवण्यात घालवलेला माणूस बसला होता. काकूंनी हाक मारली? नाव नको. पेटतं फडकं चिमट्यानं उचलून त्यांनी मोरीत टाकलं, बोटं भाजून घेतली, नळ सोडला, खिडकी उघडली आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

बाहेरून आवाज आला, "कसला वास येतोय गं?"

"शेजारी काहीतरी करपवलंय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की त्यांच्याच दाढा ठणकल्या.

दाढा तशाही ठणकतच असत. रात्री झोपेत काकू दातावर दात इतके आवळत की दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुम्ही झोपेत कुणाला चावता का?" डोकं तर रोजच ठणके. छातीत जळजळ, मानेत दगड, कानात शिट्टी. पण काकूंनी प्रत्येक दुखण्याचं लग्न कुठल्यातरी साध्यासुध्या कारणाशी लावून दिलं होतं. डोकं चष्म्यामुळे. मान शिवणामुळे. जळजळ उशिरा जेवल्यामुळे. कानातली शिट्टी ही कुकरची, ती आयुष्यभर ऐकली म्हणून कानात राहिली. घरात बीपीचं मशीन रोज वापरात होतं, पण ते आपल्या दंडाला लावून बघावं, हे काकूंच्या मनात कधीही आलं नाही. ते मशीन "ह्यांचं" होतं. ह्यांचा चष्मा घालून आपण कुठे बाजारात जातो?

आणि या सगळ्यावर लेकीचं दुःख होतं. लेकीचं नवऱ्याशी बिनसलं होतं, इतकं की ती बॅग उचलून बाहेर पडली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती. हे काकूंना माहीत होतं, बंबसाहेबांना नव्हतं. त्यांना सांगितलेलं होतं की जावई टूरवर आहे. रविवारी लेक यायची, हसून बोलायची, जेवून जायची. जावई मात्र टूरवरून काही परतेना. बंबसाहेब एकदा म्हणाले, "एवढ्यात तो पृथ्वीला दोन वेढे घालून आला असता." काकू घाईघाईनं हसल्या आणि रात्रभर जाग्या राहिल्या.

लेकीचे फोन त्या न्हाणीघरात जाऊन घेत, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. लेक तिकडे रडे, इकडे बादली भरून वाहे.

अशी ही व्यवस्था छान चालली होती. फक्त बंबसाहेबांचा आकडा काही खाली येईना. मग एक दिवस काकूंनी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर खदाखदा हसणाऱ्या बाळाचं भलंमोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, "हसा, ताण पळवा." त्या चित्राखाली सगळे पेशंट एकमेकांचे नंबर चोरटेपणानं बघत, ओठ आवळून बसलेले होते. आत डॉक्टर एका कानाला फोन लावून दुसऱ्या फोनवर टाइप करत होते. टेबलाखाली त्यांचा एक पाय शिवणयंत्रासारखा हलत होता. बोलता बोलता त्यांनी खणातून ॲसिडिटीची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. सगळ्या रोगांचं मूळ टेन्शन आहे. मी तर कधीच घेत नाही."

मग त्यांनी बंबसाहेबांना चोवीस तासांचा पट्टा लावायचं ठरवलं. दंडाला पट्टा, कमरेला छोटी डबी. दर थोड्या वेळानं पट्टा आपोआप फुगतो, बीपी मोजतो आणि डबीत साठवून ठेवतो. दिवसभर नेहमीसारखं वागायचं, रात्री नेहमीसारखं झोपायचं, उद्या पट्टा परत आणून द्यायचा. "म्हणजे कळेल, कधी चढतं आणि का चढतं," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना रस्त्यातच पट्टा पहिल्यांदा फुगला. बंबसाहेब थबकले. "च्यायला, आवळतंय की!"

जेवताना पुन्हा फुगला, तेव्हा बंबसाहेबांचा घास हातातच राहिला. पानं आवरेपर्यंत काकूंनी सगळा विचार पक्का केला होता.

"काढा तो," त्या म्हणाल्या. "या पट्ट्याच्या टेन्शननंच तुमचं बीपी वाढेल. मग खोटं रीडिंग येईल आणि डॉक्टर उगाच मोठ्या गोळ्या देतील."

"अगं, पण मोजायचंय माझं."

"मोजलं जाईल की. मी लावते."

बंबसाहेब बघतच राहिले. "तुझ्या दंडाला?"

"त्यात काय झालं? एकच घर, एकच स्वयंपाक, एकच मीठ. तुमच्यासाठी मीठ कमी केलं तेव्हा मीही कमीच खाल्लं ना? मग माझं बीपी काय वेगळं येणार आहे?"

आता या युक्तिवादात कुठे भोक आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण काकूंना ते अगदी शास्त्रशुद्ध वाटत होतं. इतकी वर्षं त्या नवऱ्याच्या तब्येतीतच राहायला गेल्या होत्या; आपल्याला स्वतःची अशी वेगळी तब्येत असेल, हे त्या विसरल्याच होत्या. बंबसाहेबांनी तोंड उघडलं, काकूंच्या ओठांवर "अहो, बी" येताना बघितलं आणि मुकाट्यानं पट्टा सोडून दिला. काकूंनी तो आपल्या दंडाला गुंडाळला, वरून ब्लाउजची बाही ओढून घेतली, डबी कमरेला खोचली आणि त्यांना समाधान वाटलं. नवऱ्याचा एक त्रास आपल्या अंगावर घेतला होता.

दुपारी बंबसाहेब नेहमीप्रमाणे डोळे मिटून आडवे झाले. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून शिवणयंत्र मागच्या खोलीत हलवलं होतं, त्याखाली जुनी घोंगडी घातली होती आणि ते फक्त त्यांच्या झोपेच्या वेळात चाले. एका मोठ्या हॉलच्या पडद्यांची ऑर्डर होती. काकूंनी कापलेलं कापड जमिनीवर पसरलं, टेप लावला आणि त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. सगळे पडदे वीतभर आखूड कापले गेले होते. काल डोकं ठणकत असताना माप घेतलं होतं, खालच्या दुमडीचं कापड धरायचंच राहिलं होतं. नेमका तेव्हा पट्टा फुगला. काकूंनी ओठ चावला. सगळं कापड पलंगाखाली ढकललं आणि आवाज न करता थोडंसं रडून घेतलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काकू न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला.

"आई, घरमालकीण खोली सोड म्हणतेय. तिचा भाऊ येणार आहे राहायला. मी घरी येऊ का गं?"

काकूंचा जीव तुटला. "ये" हा शब्द पार जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण लेक सामानासकट दारात उभी राहिली, तर बाबा विचारणार. मग सगळं बाहेर येणार. आणि मग तो आकडा.

"थांब गं राणी," काकू म्हणाल्या. "उद्या बाबांचा रिपोर्ट आहे. तो चांगला आला की सांगते. त्यांना कळलं तर काय होईल, तूच सांग."

"बरं," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पट्टा फुगला. बादली भरून वाहत होती.

रात्री काकू जाग्याच होत्या. सकाळी उठून त्यांनी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, बेल बंद केली, आणि स्वतःच्या दंडावरचा पट्टा तसाच ठेवून बंबसाहेबांच्या दंडाला घरचा पट्टा लावला. रोजचं ते रोजचं.

मग दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी डबी कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी रेघ उमटली. दऱ्या कमी आणि डोंगरच जास्त. डॉक्टरांचा हलता पाय थांबला. त्यांनी फोन उलटा ठेवला, हे त्या दवाखान्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

"हे बघा," ते बंबसाहेबांना म्हणाले, "हे गंभीर आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच गंभीर. हे असंच राहिलं तर कधीही काहीही होऊ शकतं. मेंदूत रक्तस्राव, हार्ट अटॅक, काहीही. आजपासून गोळ्या बदलायच्या. पुढच्या सगळ्या तपासण्या आजच करून घ्यायच्या."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हणतच होते!" त्या म्हणाल्या. "रोज सांगते डॉक्टर, यांना जपायला हवं. काही कळू देत नाही हो मी यांना. तरी कसं वाढलं? आता मी आणखी काय करू?" त्या पदर डोळ्यांना लावून हमसून रडायला लागल्या. पट्टा आपल्या दंडावर होता, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आकडा मोठा आहे म्हणजे तो ह्यांचा, हा हिशेब त्यांच्या हाडीमाशी खिळला होता.

बंबसाहेब मात्र बायकोकडे बघत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक फार जुना भाव आला. फोन वाजला की पूर्वी यायचा तो. घाई नाही, घबराट नाही. माणूस आत आहे आणि त्याला बाहेर काढायचं आहे, एवढंच.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हा सगळ्यात उंच डोंगर कधीचा?"

"आज सकाळी. साधारण आठ. तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"मी खुर्चीत बसलो होतो. ही माझं बीपी मोजत होती."

"आणि हा? काल संध्याकाळचा?"

"तेव्हा लेकीचा फोन आला होता. न्हाणीघरात."

काकूंचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

"दुपारचा?"

"तेव्हा पडदे आखूड कापल्याचं लक्षात आलं असणार. कापड पसरल्याचा आवाज झाला, मग यंत्र चाललंच नाही, मग पलंगाखाली कापड सरकल्याचा आवाज."

"तुम्ही झोपला होता!" काकू किंचाळल्या.

"मला दुपारी झोप येत नाही. कधीच आली नाही. मी डोळे मिटतो, म्हणजे तुला शिवता येतं."

डॉक्टरांना काही उलगडेना. त्यांनी रात्रीच्या भागावर बोट ठेवलं. "झोपेत तरी हे खाली यायला हवं. रात्रभर का चढलेलं आहे?"

"रात्री मी घोरत असतो," बंबसाहेब म्हणाले. "आणि ही जागी राहून माझा श्वास चालू आहे का, ते ऐकत असते. डॉक्टर, हा पट्टा माझ्या दंडावर नव्हता. हिच्या होता."

मग डॉक्टर भडकले. हा काय पोरखेळ आहे, मी चुकीच्या माणसाला गोळ्या दिल्या असत्या, शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, वगैरे वगैरे. ताण न घेणाऱ्या माणसाच्या मानाने ते बरेच ओरडले. काकूंना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. कानातली शिट्टी तेवढी जोरात वाजत होती.

डॉक्टरांनी टेबलावरचं मशीन ओढलं आणि काकूंकडे वळले. काकूंनी हात मागे घेतला. "माझं कशाला? मला काय झालंय? ह्यांचं बघा ना!"

"बरं, आधी यांचं बघू," डॉक्टर वैतागून म्हणाले. बंबसाहेबांनी हात पुढे केला. काकूंनी सवयीनं श्वास रोखला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. आकडा वर आला.

"आता हिला जरा त्या बाळाच्या चित्राकडे पाठवा," बंबसाहेब म्हणाले.

काकूंना बाहेर बसवलं आणि पुन्हा मोजलं. मग डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून मशीन दाखवलं. आकडा इतका खाली होता की तसा काकूंनी या संसारात कधी पाहिलाच नव्हता. त्या तो आकडा बघून खूश व्हाव्यात, तर त्यांचा चेहरा पडला. आपण ज्याच्यासाठी एवढं केलं ते दुखणं आपल्याच चेहऱ्यावर होतं, हे कुणाला आवडेल?

मग काकूंचा हात टेबलावर गेला. पट्टा फुगला. आकडा बघून डॉक्टरांनी पेन उचललं. त्यांनी गोळ्या लिहिल्या, तपासण्या लिहिल्या, आठवड्यानं यायला सांगितलं. उठताना सवयीनं म्हणाले, "टेन्शन..." आणि पुढचं वाक्य त्यांनी ॲसिडिटीच्या गोळीबरोबर गिळलं.

घराच्या जिन्यात काकू थांबल्या. "तुम्हाला फडक्याचंही माहीत होतं?"

"जळकं कापड कळणार नाही मला? तुझी बोटं भाजली, हेही दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर तू माझ्या बीपीची काळजी केली असतीस." बंबसाहेब कठड्याला धरून उभे राहिले. "सगळी नोकरी मी एकच काम केलं. लोकांच्या घरात आग लागली की पहिला फोन मला यायचा. अनोळखी माणसं करायची. आणि माझ्या घरात आग लागली, तर मला सांगायचं शेजारी करपलंय. निवृत्त मी नोकरीतून झालो होतो गं."

काकू पायरीवरच बसल्या आणि मोठ्यानं रडल्या, नळ न सोडता. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं आणि "बाकी सगळं छान ना?" असं विचारून लगेच लावूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या, तर चहा तयार होता. पंखा चालू होता. टेबलावर वर्तमानपत्र ठेवलेलं होतं. काकूंनी ते उघडलं आणि पानातून पलीकडची भिंत दिसली. नीट, चौकोनी, शिवणाच्या कात्रीनं पाडलेल्या खिडक्या.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणाले, जपा."

काकूंच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला काय वाचायचं ते तुम्ही ठरवणार? माझ्या घरात मलाच..." आणि त्या मध्येच थांबल्या.

बंबसाहेबांनी खिशातून कापलेले कागद काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "सगळे आहेत. वाच. एक अपघात, दोन चोऱ्या आणि उद्या वादळ आहे." मग त्यांनी घरचं मशीन ओढलं आणि काकूंच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागले. त्यांच्या हातांना ते काम नवीन होतं, पट्टा दोनदा तिरका बसला.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. लेकीचा. काकू सवयीनं उठल्या आणि दंडाला मशीन लोंबत असताना न्हाणीघराकडे दोन पावलं गेल्यासुद्धा. मग त्या वळल्या. फोन हातात तसाच वाजत होता. इतकी वर्षं जो पडदा त्यांनी ओढून धरला होता, तो सोडायला त्यांना फार जड गेलं. पण त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला.

"जावई टूरवर नाहीये," त्या म्हणाल्या. "पोरगी एकटी आहे. तिला खोली सोडायला सांगितलंय. परवा संध्याकाळी फोनवर विचारत होती, घरी येऊ का, आणि मी... मी तिला थांब म्हटलं. तुमच्यामुळे."

जावई टूरवर नाही हे बंबसाहेबांनी ओळखलं होतं, पण तिला खोली सोडायला लागतेय हे त्यांना माहीत नव्हतं. ते त्यांनी आत्ता ऐकलं, आणि क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी फोन घेतला.

"आई?" पलीकडून आवाज आला.

"बाबा बोलतोय. रडू नको. आधी पत्ता सांग." त्यांचा दुसरा हात पायात चपला सरकवायला वाकला होता. "कितवा मजला? सामान किती? खाली गाडी उभी राहील का? बरं. दार उघडं ठेव. निघालो."

इकडे लोंबणाऱ्या मशीनचं बटण घाईघाईत दाबलं गेलं होतं. काकूंच्या दंडावरचा पट्टा फुगला, सुस्कारा टाकून रिकामा झाला आणि आकडा आला. तो बघायला कुणी थांबलं नाही. काकूंनी पट्टा ओढून काढला, पदर खोचला आणि चपला शोधायला लागल्या.